बोलेस्वाफ प्रूस यांची ‘लाल्का’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘लाल्का’ ही कादंबरी नेमकी कोणती?

‘लाल्का’ म्हणजे बाहुली. बोलेस्वाफ प्रूस या टोपणनावाने लिहिणाऱ्या अलेक्सांदेर ग्वोवात्स्की (1847–1912) यांची ही कादंबरी वॉर्सातील ‘कुरिएर त्सोजेन्नी’ या दैनिकात 1887 ते 1889 या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि 1890 मध्ये तीन खंडांत पुस्तकरूपाने आली. कथा घडते ती 1878 आणि 1879 या दोन वर्षांत, मुख्यतः वॉर्सात. त्या वेळी पोलंड नावाचे स्वतंत्र राज्य अस्तित्वात नव्हते. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो देश वाटून घेतला होता व वॉर्सा रशियाच्या झारच्या अमलाखाली होते. पोलंडमधील शाळकरी मुलांपासून समीक्षकांपर्यंत सर्वांनी वाचलेली, आणि नायक शहाणा की मूर्ख यावर अजूनही हिरिरीने वाद घातला जाणारी ही कादंबरी आहे.

कथानक थोडक्यात सांगता येईल का?

सांगता येईल; मात्र पुढील उत्तरांत शेवटापर्यंतचे तपशील येतात, तेव्हा ज्यांना कथा आधी कळायला नको असेल त्यांनी पुस्तक वाचूनच इकडे यावे.

स्तानिस्वाफ वोकुल्स्की हा पंचेचाळिशीचा व्यापारी आहे. तरुणपणी त्याने होप्फरच्या खानावळीत नोकरी करता करता शिक्षण घेतले, 1863 च्या रशियाविरोधी उठावात भाग घेतला, सायबेरियात हद्दपारी भोगली आणि परत आल्यावर, कोठेच काम मिळेना म्हणून, मिन्त्सेल घराण्याच्या दुकानात येऊन वयाने मोठ्या असलेल्या मालकीणबाईशी, एका विधवेशी, लग्न केले. ती वारल्यावर दुकान आणि तीस हजार रूबल त्याच्याकडे आले. पुढे एका संध्याकाळी नाट्यगृहात त्याला इझाबेला वेंत्स्का ही उमराव घराण्यातील तरुणी दिसली, आणि तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी लागणारा पैसा मिळवायला तो रशिया-तुर्कस्तान युद्धाच्या आघाडीवर बल्गेरियात गेला. तेथे सुझिन या रशियन व्यापाऱ्याच्या मदतीने सैन्याला माल पुरवून त्याने प्रचंड संपत्ती कमावली. कादंबरी सुरू होते ती तो परत येण्याच्या सुमारास. त्यानंतरचा सारा प्रवास म्हणजे त्या पैशाने तो इझाबेलाच्या जवळ किती जाऊ शकतो आणि कोठे अडतो, याचा हिशेब आहे.

वोकुल्स्की एवढा श्रीमंत असताना उमराव मंडळी त्याला आपल्यात का घेत नाहीत?

घेतात. ते त्याला घरी बोलावतात, त्याच्या कंपनीत पैसे गुंतवतात, मोठे व्याज मिळावे म्हणून त्याच्या मागे लागतात, आणि त्यांच्यातला एक प्रिन्स तर ‘आपल्या दुर्दैवी देशा’साठी त्याने काहीतरी करावे असे वारंवार सांगतो. फक्त या सगळ्या जवळिकीत एक रेषा आखलेली आहे आणि ती कोठे आहे हे कोणी त्याला उघडपणे सांगत नाही.

ही रेषा समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी हवी. 1863 चा उठाव चिरडल्यावर 1864 मध्ये झारने पोलिश शेतकऱ्यांना जमिनीची मालकी दिली. त्यामुळे जमीनदारांची फुकटची वेठ संपली, अनेकांच्या जहागिरी उठावात भाग घेतल्याबद्दल जप्त झाल्या आणि ज्यांच्या राहिल्या त्यांना त्या मजूर लावून चालवण्याची सवय नव्हती. परिणामी कुलीन घराण्यांकडे नाव उरले आणि उत्पन्न आटले. इझाबेलाचे वडील तोमाश वेंत्स्की हे याचे चालतेबोलते उदाहरण आहे. एके काळी युरोपातील राजदरबारांत ऊठबस असलेला हा माणूस आता वॉर्सात भाड्याच्या घरात राहतो, हुंड्या (कर्जाच्या चिठ्ठ्या) तुंबलेल्या असताना रुबाब मात्र सोडत नाही, आणि व्यापाऱ्यांच्या क्लबात जाऊन पत्ते खेळतो. तेथे वोकुल्स्की त्याच्याशी मुद्दाम हरतो. त्या जिंकलेल्या पैशांवर घरखर्चाचा काही भाग चालतो आणि वेंत्स्कींना वाटते की आपण चांगले खेळतो!

म्हणजे वोकुल्स्की जन्माने हलक्या कुळातला आहे का?

नाही, आणि या कादंबरीबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. वोकुल्स्की जन्माने कुलीनच आहे, फक्त निर्धन शाखेतला. त्याचा बाप गेलेली जमीन कोर्टातून परत मिळवण्याच्या नादाने इतका पछाडलेला होता की मुलगा खानावळीत राबून जे चार पैसे मिळवी तेही तो खटल्यांसाठी घेऊन जाई, आणि मुलाने पुस्तकांवर खर्च केला तर चिडे.

तेव्हा येथे ‘वरच्या’ आणि ‘खालच्या’ रक्ताची सरळ लढत नाही. वोकुल्स्कीचा गुन्हा जन्माचा नसून गल्ल्यामागे बसण्याचा आहे. त्याच्यासारखाच कुलवंत माणूस कर्ज काढून, जुगार खेळून, श्रीमंत आजीच्या वारशावर डोळा ठेवून जगला तर तो त्यांच्यातलाच राहतो. इझाबेलाचा दूरचा भाऊ स्तार्स्की नेमका तसा आहे. कामाने हात खराब झालेला माणूस मात्र पाहुणा म्हणून चालतो, जावई म्हणून चालत नाही. हात खराब हे शब्दशः आहे: सायबेरियाच्या थंडीने वोकुल्स्कीचे हात कायमचे लाल झालेले आहेत आणि इझाबेलाच्या नजरेत ते पुनःपुन्हा खुपतात.

खानावळीतला एक प्रसंग त्याच्या साऱ्या आयुष्याचा नकाशाच आहे. पोरगा तळघरात उतरला असताना चेष्टेखोर मंडळींनी वर येण्याची शिडी काढून घेतली. तो ओरडला नाही, कोणाला विनवले नाही. कडेला हाताने धरून, अंगाच्या जोरावर वर आला. ज्यांनी हे पाहिले त्यांना ते वर्षानुवर्षे आठवत राहिले.

इझाबेला केवळ निष्ठूर, पोकळ स्त्री आहे का?

पहिल्या वाचनात तसे वाटते, आणि स्वतः वोकुल्स्कीच्या मित्रांचेही मत तसेच आहे. पण प्रूस यांनी तिच्या बालपणावर जी पाने खर्च केली आहेत ती सावकाश वाचल्यास चित्र बदलते. ती वाढली ती ऋतूंनी न बदलणाऱ्या, कायम उबदार, फुलांनी भरलेल्या दिवाणखान्यांत. काम करणारी माणसे तिच्यासाठी दृश्याचा भाग होती. फ्रान्समध्ये एकदा ती लोखंडाचा कारखाना पाहायला गेली आणि धगधगत्या भट्ट्या, कोलाहल, उघड्या अंगाचे घामाघूम कामगार पाहून तिला प्रथमच भीती वाटली की आपल्या सुंदर जगाच्या खाली दुसरे एक जग आहे आणि ते एखाद्या दिवशी वर येईल. वोकुल्स्की तिला आवडत नाही यामागे हीच भीती आहे.

तिची दुसरी बाजूही खरी आहे. वडील दिवाळखोर, हुंड्याची रक्कम नाही, वय पंचविशीत, मागण्या घालणारे म्हातारे किंवा गाठीशी पैसा शोधणारे. तिला विकत घेणाऱ्यांपैकीच एकाला निवडायचे आहे, आणि वोकुल्स्की आपण तसे नाही असे मानत असला तरी तिच्या जागेवरून पाहिल्यास तो वेगळा दिसण्याचे कारण नाही. मला वाटते, तिला सरसकट खलनायिका ठरवणारे वाचक अर्धी कादंबरी गमावतात.

वोकुल्स्की प्रेमासाठी नेमके काय काय करतो?

येथे कादंबरी सर्वांत समृद्ध आहे, कारण प्रूस प्रेमाचे वर्णन व्यवहारांच्या भाषेत करतात. वोकुल्स्की वेंत्स्कींच्या हुंड्या गुपचूप खरेदी करतो. घरातली चांदीची भांडी विकायला निघतात तेव्हा तीही त्याच्याकडे येतात. वेंत्स्कींच्या मालकीचे दुसरे घर, जेथे ते स्वतः राहत नाहीत, लिलावात निघते, तेव्हा तो श्लांगबाउम नावाच्या म्हाताऱ्या ज्यू सावकाराला पुढे करून ते नव्वद हजार रूबलना बेनामी विकत घेतो. घर तेवढ्या किमतीचे मुळीच नाही. कर्ज फेडून वेंत्स्कींच्या हाती काही उरावे एवढाच हेतू. उरलेल्या तीस हजारांवर तो त्यांना वर्षाला दहा हजार व्याज देऊ करतो. कोणत्याही पेढीवर असा व्यवहार ऐकला तर लोक हसतील, पण वेंत्स्कींना ते आपल्या मुत्सद्देगिरीचे फळ वाटते. शिवाय तो शर्यतीची घोडी विकत घेतो, त्यावरून एका बॅरनशी द्वंद्व लढतो, आणि इझाबेलाला आवडणाऱ्या इटालियन नटाला भर प्रयोगात भेटवस्तू दिली जावी म्हणून आपल्या म्हाताऱ्या गुमास्त्याला नाट्यगृहात पाठवतो. बिचारा गुमास्ता काखेत जाडजूड अल्बम घेऊन घाम पुसत बसतो.

दुकानातील प्रसंग मात्र जरूर थांबून वाचावा. इझाबेला हातमोजे घ्यायला येते. वोकुल्स्की हिशेबाच्या वहीत तोंड घालून बसला आहे आणि देखणा तरुण विक्रेता मोठ्या अदबीने तिच्या हातावर मोजे चढवतो आहे. ती त्या विक्रेत्याशी हसून बोलते. मग मालकाकडे वळते आणि कोरड्या सुरात विचारते की आमची भांडी तुम्हीच घेतलीत ना? तो हो म्हणतो. ती ती विकणार का असे विचारते, तो तेही मान्य करतो. बस, एवढेच संभाषण. ज्याने तिचे घराणे बुडताना सावरले त्याला ती आपल्याला कोंडीत पकडणारा सावकार समजते, आणि दोन पैशांच्या विक्रेत्याला हास्य मिळते, कारण त्याच्यापासून तिला काहीच धोका नाही. त्या दिवशी वोकुल्स्की दुकानातून निघून व्हिस्तुला नदीकाठच्या पोविश्ले या गरीब वस्तीत भटकतो, कचऱ्याचे ढीग आणि कुजक्या झोपड्या पाहतो. तेथे तो एका गाडीवानाला, विसोत्स्कीला, मदत करतो. हे नाव लक्षात ठेवावे.

शीर्षकातील बाहुली कोण? इझाबेलाच ना?

बहुतेक वाचक तसेच धरतात आणि ती कल्पना चुकीची ठरवण्याचे कारण नाही. तरीही कादंबरीत एक खरीखुरी बाहुली आहे. बॅरोनेस क्शेशोव्स्का ही एकाकी, कजाग बाई आपल्या मृत मुलीची बाहुली चोरल्याचा आरोप हेलेना स्तावस्का या शांत, गरीब शिक्षिकेवर करते. खटला कोर्टात उभा राहतो आणि शेवटी सिद्ध होते की ती बाहुली वोकुल्स्कीच्या दुकानातून विकत घेतलेली आहे. प्रूस यांनी नंतर सांगितले की व्हिएन्नात घडलेल्या अशाच खटल्याच्या वृत्तामुळे त्यांना कादंबरीची कल्पना आकार घेताना दिसली आणि म्हणून हे नाव पडले. ‘तीन पिढ्या’ हे नाव अधिक योग्य ठरले असते, असेही त्यांचे मत होते.

आणखी एक धागा आहे. दुकानातील म्हातारा गुमास्ता एकटा असताना किल्लीची खेळणी काढून एकदम चालू करतो: अस्वल खांबावर चढते, कोंबडा आरवतो, नर्तक फिरतात. किल्ली संपली की सगळे थांबते, आणि तो मनाशी म्हणतो की सारीच कळसूत्री बाहुल्या आहेत, आपणही हवे ते करतो असे समजतो आणि करतो मात्र स्प्रिंग सांगेल तेच.

हा म्हातारा गुमास्ता कोण, आणि त्याची रोजनिशी मध्येच का येते?

इग्नात्सी झेत्स्की. दुकानामागे गजांची खिडकी असलेल्या एकाच खोलीत तो पंचवीस वर्षे राहतो आहे, सोबतीला ईर नावाचा एकाक्ष पूडल कुत्रा. 1848 मध्ये तो हंगेरीच्या स्वातंत्र्यलढ्यात जाऊन लढला होता आणि बोनापार्ट घराणे युरोपला मुक्त करील या आशेवर अजूनही जगतो. त्याच्या रोजनिशीची प्रकरणे मुख्य कथनाला छेद देत येतात, त्यामुळे काहींना ती कंटाळवाणी वाटतात आणि ती वगळून पुढे जाण्याचा मोह होतो. तसे करू नये. वोकुल्स्कीचे तारुण्य, खानावळ, उठाव, लग्न हे सगळे आपल्याला झेत्स्कीकडूनच समजते, आणि समजते ते चुकीच्या अर्थासह: मित्र एका बाईच्या प्रेमात वेडा झाला आहे हे त्याच्या गावीही नाही, तो समजतो की हा काहीतरी मोठे राजकीय कार्य करतो आहे. विनोद आणि करुणा एकाच वाक्यात आणण्याचे प्रूस यांचे कसब येथे सर्वाधिक दिसते. झेत्स्कीची इच्छा अशी की वोकुल्स्कीने स्तावस्काशी लग्न करावे. वाचकाचीही हळूहळू तीच होते.

उठावाबद्दल कादंबरी एवढी आडून का बोलते?

कारण प्रत्येक ओळ रशियन सेन्सॉरच्या टेबलावरून जात होती. 1863 चा उल्लेख सरळ करणे शक्य नव्हते. पहिल्याच प्रकरणात बिअर पिणारी मंडळी वोकुल्स्कीबद्दल बोलतात तेव्हा एक जण सांगतो की त्याने इतरांबरोबर जी बिअर गाळली ती आपण आजही पितो आहोत, आणि तो जाऊन थांबला इर्कुत्स्कच्या आसपास कोठेतरी. पोलिश वाचकाला एवढे पुरेसे होते: बिअर म्हणजे उठाव, इर्कुत्स्क म्हणजे हद्दपारी. लेखकाला हे सारे स्वानुभवाने ठाऊक होते. प्रूस स्वतः किशोरवयात त्या उठावात सामील झाले, जखमी झाले आणि लुब्लिनमध्ये कैदेतही पडले.

रेल्वेच्या डब्यातील प्रसंग एवढा का गाजला?

साखरपुडा जवळपास झालेला आहे. वोकुल्स्की, इझाबेला, तिचे वडील आणि स्तार्स्की क्राकुफला निघाले आहेत. इझाबेला आणि स्तार्स्की समोर बसून इंग्रजीत बोलू लागतात, कारण व्यापाऱ्याला इंग्रजी येत नाही असे ते धरून चालतात. वोकुल्स्कीने मात्र तिच्यासाठीच शिकवणी लावून ती भाषा शिकून घेतली आहे. तिला त्याने एक लॉकेट दिले होते, त्यात पॅरिसमधील प्राध्यापक गाइस्ट यांच्याकडून मिळालेला, हवेहून हलक्या धातूचा तुकडा होता. त्याच्या दृष्टीने जगातली सर्वांत मौल्यवान वस्तू. तो तुकडा शोधताना दोघांची कशी झटापट झाली आणि तो कसा हरवला, यावर ते त्याच्यासमोर हसत बोलतात. तो खिडकीच्या काचेकडे पाहत सगळे ऐकतो.

पुढच्या स्थानकावर, स्क्येर्न्येवित्सेला, तो तार आल्याचे निमित्त करून उतरतो आणि निरोप घेतो तो इंग्रजीत. त्या एका वाक्यात तिला सारे कळते. त्यानंतर तो रुळांवर आडवा होतो, आणि त्याला ओढून बाजूला काढतो तो रेल्वेत काम करणारा विसोत्स्की, पोविश्लेतल्या त्या गाडीवानाचा भाऊ. उमरावांवर उधळलेल्या हजारोंमधून त्याला काही मिळाले नाही. एका गाडीवानाला केलेल्या मदतीने त्याचा जीव वाचला. प्रूस यावर एक शब्दही भाष्य करत नाहीत, हे विशेष.

ज्यू पात्रांचे चित्रण पूर्वग्रहदूषित आहे का?

हा प्रश्न आजही वादाचा आहे आणि एका शब्दात उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या म्हाताऱ्या सावकाराचा मुलगा हेन्रिक श्लांगबाउम उठावात पोलिश मित्रांबरोबर लढला, त्यांच्याबरोबर सायबेरियात गेला, आणि परत आल्यावर त्याच पोलिश सहकाऱ्यांनी त्याला दुकानात टोमणे मारून हैराण केले. शेवटी तोच दुकान विकत घेतो आणि तितकाच कठोर मालक होतो. डॉक्टर शुमान, स्वतः ज्यू, दोन्ही बाजूंवर सारखाच तिखट बोलतो. कथेच्या काळात वाढत जाणारा ज्यूद्वेष प्रूस ठळकपणे नोंदवतात. 1881 च्या नाताळात वॉर्सात प्रत्यक्ष दंगल झाली होती आणि कादंबरी तिच्यानंतर लिहिली गेली. तरीही काही गौण पात्रे ठरावीक साच्यातली आहेत हे मान्य करावे लागते.

शेवटी वोकुल्स्कीचे काय होते?

ते सांगितलेले नाही. तो व्यवसाय मोडून नाहीसा होतो. झास्वावेक येथील पडका किल्ला, जेथे इझाबेलाबरोबर त्याने सुखाचे क्षण घालवले आणि जेथील शिळेवर त्याने पोलिश कवी मित्सक्येविच यांच्या प्रेमकवितेच्या ओळी कोरून घेतल्या, तो सुरुंगाने उडवला गेल्याची बातमी येते. तो त्याखाली गेला, की पॅरिसला गाइस्टच्या प्रयोगशाळेत पोहोचला? शुमान म्हणतो की सरंजामशाहीच्या अवशेषांखाली तो चिरडला गेला. इतरांना तो जिवंत असल्याची आशा वाटते. इझाबेला मठात जाते, झेत्स्की मरतो, उडते यंत्र बनवण्याचे स्वप्न पाहणारा तरुण ओखोत्स्की देश सोडायला निघतो. शेवटच्या प्रकरणाचे नाव केवळ प्रश्नचिन्ह आहे.

माझा कल असा आहे की तो मेला की नाही यापेक्षा त्याला वेड लावणाऱ्याचा त्याला लागलेला शोध महत्त्वाचा. एका रात्री मित्सक्येविचच्या कविता चाळताना त्याला उमगते की इझाबेला फक्त निमित्त होती. स्त्रीला देवता आणि प्रेमाला सर्वस्व मानायला शिकवणाऱ्या त्या काव्याने त्याच्या पिढीला विष पाजले. गंमत अशी की ज्या जगाने त्याला दारातच उभे केले त्याच जगाचे स्वप्न तो उराशी धरून होता.

वोकुल्स्की पॅरिसमध्ये असतानाची प्रकरणे लेखकाने ते शहर प्रत्यक्ष पाहून लिहिली आहेत का?

नाही. प्रूस पॅरिसला गेले ते 1895 मध्ये, कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर. वॉर्सा मात्र त्यांनी वर्षानुवर्षे वृत्तपत्रात साप्ताहिक स्तंभ लिहून रस्त्यांसकट टिपले होते. क्राकोव्स्क्ये प्शेद्म्येश्च्ये या रस्त्यावर झेत्स्की आणि वोकुल्स्की या काल्पनिक माणसांच्या नावाच्या स्मृतिपाट्या खऱ्या इमारतींवर लावलेल्या आहेत.

चित्रपट पाहावा की मालिका?

वोइचेख हास यांचा 1968 चा चित्रपट दृश्यदृष्ट्या भारदस्त आहे. मारिउश द्मोखोव्स्की आणि बेआता तिश्क्येविच यांच्या भूमिका आहेत. पण झेत्स्कीच्या रोजनिशीला त्यात पुरेशी जागा नाही. रिशार्द बेर यांची 1977 मधील नऊ भागांची दूरदर्शन मालिका कथेला अधिक धरून आहे. पुस्तक वाचलेल्यांना हास आवडतात, न वाचलेल्यांना मालिका सोयीची.

कोणते भाषांतर घ्यावे आणि सुरुवात कशी करावी?

इंग्रजीतून वाचणाऱ्यांसाठी डेव्हिड वेल्श यांचे 1972 चे भाषांतर उपलब्ध आहे. ते 1996 मध्ये सुधारून पुन्हा निघाले आणि हीच आवृत्ती घ्यावी. पहिले प्रकरण बिअरच्या टेबलावरील गप्पांचे आहे. त्यात नावांचा आणि त्या काळच्या युरोपीय राजकारणाचा एवढा भडिमार होतो की अनेक जण तेथेच पुस्तक बाजूला ठेवतात. राजकारण तेवढे नजरेआड करून वोकुल्स्कीबद्दल कोण काय बोलतो यावर लक्ष ठेवावे. झेत्स्कीची पहिली रोजनिशी येईपर्यंत, म्हणजे तिसऱ्या प्रकरणापर्यंत, धीर धरल्यास पुढे अडायला होत नाही.